गंजीतला गारठा

१

रोज सकाळी सात वाजता मी गवताचा ताप बघतो. नवा माणूस वखारीत आला की या गोष्टीला हसतो. हसू द्यावं. डॉक्टर माणसाचा बघतो, मी गंजीचा बघतो, आणि दोघांचीही चूक जिवावर बेतते.

माझी वखार पालघरहून मनोरला जाताना डाव्या हाताला लागते. डोंगराकडच्या गावांतलं गवत कार्तिकात कापून माझ्याकडे येतं, त्याच्या गंज्या लागतात, मग यंत्रात दाबून गासड्या होतात आणि तबेल्यांना जातात. शाळा म्हणाल तर माझी सातवीपर्यंत. पुढचं सगळं गवताने शिकवलं.

गवत ओलसर रचलं तर ते आतून तापतं. वरून बघाल तर पिवळंधमक, छान, वाऱ्यावर डुलणारं. आत मात्र विस्तव. म्हणून मी सहा हात लांब लोखंडी सळई गंजीत कमरेच्या उंचीवर खुपसतो, एक कप चहा पितो, सळई काढतो आणि टोक हाताच्या पालथ्या बाजूला लावतो. कोमट लागलं तर ठीक. गरम लागलं तर लक्ष ठेवा. हात ठेववला नाही तर पाण्याचा टँकर बोलवा.

हे मला एकनाथने शिकवलं, म्हणजे मरून शिकवलं. एकनाथ माझा भागीदार. दिवसाला दहा गोष्टी सांगायचा, त्यातल्या सात खोट्या, पण ऐकत राहावंसं वाटे. सव्वीस वर्षांपूर्वी एका गंजीला जळक्या गुळासारखा वास यायला लागला. एकनाथ म्हणाला, "भगवंता, वरून उघडून वारा लावू." आणि चढला. गंजीच्या पोटात खोली झालेली होती, निखाऱ्यांची. वरचं छप्पर तेवढं शाबूत होतं. ते त्याच्यासकट आत गेलं.

तेव्हापासून माझ्या वखारीत कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी गंजीवर चढत नाही. मीसुद्धा नाही.

२

गेल्या कार्तिकात अवकाळी झाली. गवत भिजलं. मला गाडी भरायची घाई होती, आणि घाईत शहाणा माणूस जे करतो तेच मी केलं: स्वतःला सांगितलं की उन्हात सुकलंय. मागच्या भिंतीला लागून मोठी गंजी रचली.

चौथ्या दिवशी सळई गरम. आठव्या दिवशी बोट लावून लगेच काढावं लागलं. बाराव्या दिवशी मुकादम चिंधूने टोकावर पाणी शिंपडलं तर चर्रकन वाफ झाली. चिंधू माझ्याकडे वीस वर्षं आहे, डोंगराकडचा, बोलायला कमी, बघायला जास्त. तो म्हणाला, "शेट, वास येतो हाय."

मी दुसऱ्या दिवशीचा टँकर सांगितला. रात्री झोप आली नाही.

सकाळी सळई खुपसली. चहा प्यायलो. सळई काढली, हाताला लावली आणि दचकून सोडली. इतकी गार, की आधी भाजल्यासारखंच वाटलं. चिंधूने ती उचलली. टोकावर दव साचलं होतं.

"ही इहिरीत ठेवलेली काय?"

"तुझ्यासमोर काढली ना गंजीतून!"

"तवा कालची आग गेली कुठं?"

मी शेजारच्या गंजीत खुपसून पाहिली: कोमट, नेहमीसारखी. पुन्हा मोठीत: गार. मी मनाची समजूत घातली. रक्तदाबाची गोळी बदललीय, हाताची संवेदना गेली असेल. गवताचं पाणी खाली बसलं असेल. टँकरवाल्याला नको म्हणून कळवलं. फुकट मिळालेलं नशीब व्यापाऱ्याला पचत नाही, पण परत करायलाही जीव होत नाही.

एक गोष्ट मात्र चिंधूला बोललो नाही. गेली आठ-दहा वर्षं त्या सळईवर गंज होता. आता टोकाकडचा हातभर भाग स्वच्छ होता, बोटांनी चोळचोळून पुसल्यासारखा.

आणि तिसऱ्या दिवशी, मी सळई आत घालत असताना, ती आतून मागे आली. वीतभरच. जोर नव्हता, रागही नव्हता. पोट भरलेल्या पाहुण्याने पुढे केलेलं ताट हाताने मागे सारावं, तशी.

३

आकाशातून पाहुणे आले त्याला आता काही वर्षं झाली, तुम्हाला सांगायला नको. मोठ्या जातींचे फोटो पोरांच्या वह्यांवर आहेत. उंच मानेचे दिल्लीत, निळ्या कातडीचे बंदराला. बोईसरला माझ्या लेकीच्या, मोनालीच्या कंपनीत एक उंच मानेचा भेट द्यायला येणार होता, तर दोन दिवस रांगोळ्या चालल्या होत्या. तो गाडीतून उतरलाच नाही. आमच्या पंचक्रोशीच्या वाट्याला मोठं कोणी आलं नाही, आणि लहान कोणी आलं तर विचारतो कोण?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सगळ्या जातींचा सरकारी तक्ता खिळ्याला टांगलेला आहे. मी चष्मा लावून उभा राहिलो. ग्रामसेवक प्रफुल्ल म्हणाला, "शेठ, दोन वर्षं झाली तक्ता लावून. शेवटच्या पानापर्यंत जाणारे तुम्ही पहिले."

"शेवटच्या पानावर चित्रं का नाहीत रे?"

"किरकोळ जाती त्या. चित्र काढायला बसतंय कोण त्यांच्यासमोर?"

क्रमांक एक्केचाळीस. नाव: दिलेले नाही. आकार: निश्चित नाही. बोलतात का: आढळले नाही. राहण्याची जागा: उबदार. उपद्रव: नगण्य. आढळल्यास कळवावे, जागा रिकामी करून हलवण्यात येईल.

"हलवतात म्हणजे कुठे नेतात?"

प्रफुल्लने खुर्ची जवळ ओढली. "किनाऱ्याकडे एका वीटभट्टीत सापडले होते म्हणे. पथक आलं, भट्टी फोडली, पेटीत भरून नेलं. सकाळी पेटी उघडली तर आत नुसतं पाणी." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "का हो? सापडलं काय काही?"

"छे. माझ्याकडे गवत आहे," मी म्हणालो.

४

पौषात मोनाली सुट्टीला आली. ती प्रयोगशाळेत काम करते. येताना तापमान मोजायचं पिस्तूल घेऊन आली.

"हात सांगतो म्हणे! बाबा, कुठल्या जमान्यात राहता?"

तिने सळईच्या भोकात पिस्तूल रोखलं. आकडा पाहून पुन्हा रोखलं. शेजारची गंजी पाहिली, सावलीतली जमीन पाहिली, परत मोठी पाहिली.

"सहा अंश. बाहेर अठ्ठावीस आहे. बाबा, एखादी वस्तू आपोआप भोवतालच्यापेक्षा गार होत नाही. आतली ऊब कुणीतरी ओढतंय."

"ओढून ओढून संपली तर?"

तिने पिस्तूल हळूहळू फिरवत मागच्या भिंतीपर्यंत नेलं.

त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला टेकून चिंधूच्या सुनेची, नवसीची खोली आहे. नवरा हंगामाला बाहेर गेलेला. ती, चिंधू आणि आठ महिन्यांची सपना. खोलीतला पाळणा त्याच भिंतीला लागून, कारण दुपारी तिथे सावली.

भिंत अकरा अंश होती.

आम्ही पलीकडे गेलो. नवसी पोरीला छातीशी धरून उन्हात बसली होती. "ताई, तुमीच बघा," ती मोनालीला म्हणाली. "रोज सकाळी पोरीचे हातपाय गार. पांघरून घालते, कुशीत घेते, तरी पाठ गार. काल तर ओठ निळे पडले. दवाखान्यात नेली, म्हनले पोरगी धड हाय. धड हाय तर अशी कशी?"

मी सपनाची पाठ चाचपली. सळई आठवली. महिनाभर मी गप्प बसून नशीब खात होतो, आणि त्याची किंमत हे लेकरू देत होतं.

"नवसी, आजच्या आज पोरीला घेऊन आमच्या घरी राहायला जा."

"आज जाईन. पन शेट, हे काय हाय ते काढा. नाय तर मी सासऱ्याला घेऊन गावाला जाते. तिथं खायाला नाय, पन भिंत तरी गार नाय."

५

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, भर उन्हात, गंजी उघडायचं ठरलं. चिंधू म्हणाला, "मी चढतो. तुमचं वय झालं." तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

दोर त्याच्या कमरेला, दोराचा वेढा चिंचेच्या बुंध्याला, टोक माझ्या आणि मोनालीच्या हातात. चिंधू शिडीने चढला. वरून चार-पाच पेंढ्या काढून खाली टाकल्या. पाचव्या पेंढीला आतून काळं लागलेलं होतं. जळकं, कोळशासारखं. मी ओरडलो, "चिंधू, खाली ये!"

आणि तो गेला. आवाज नाही, किंकाळी नाही. होता आणि नव्हता.

दोर ताडकन ताणला, माझ्या तळव्याची साल निघाली. मोनाली "बाबा, ओढा!" म्हणून रडत होती. मी ओढत होतो, आणि मला समोर चिंधू दिसत नव्हता, एकनाथ दिसत होता.

मग दोर सैल पडला.

तुटला नव्हता. त्यावरचं वजन गेलं होतं. आत कुणीतरी त्या माणसाला खालून उचलून धरलं असावं, असा तो सैल झाला. आम्ही हातात लोंबता दोर घेऊन उभे. वारा नाही. आतून एक आवाज आला, दुसऱ्या खोलीत कुणी मोठ्या हंड्यात फुंकर मारावी तसा. दोर पुन्हा हलला, हातभर वर, मग आणखी हातभर. आम्ही ओढत नव्हतो.

चिंधूचं डोकं भोकातून वर आलं. केसांवर दव, मिशांवर दव. शिडीवर येऊन बसला तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्याच्या अंगावर भाजल्याचा एक डागही नव्हता.

"चिंधू, काय आहे आत?"

त्याने मिशांवरचं दव पुसलं. मग म्हणाला, "अंधार हाय. मी पडलो तवा खाली माझ्या पायाला जागा केली त्यांनी."

"कोणी?"

"तुमी बघा. घाबरू नका. ते बी घाबरलेले हायत."

६

मी कमरेला दोर बांधला आणि चढलो.

भोकातून ऊन आत पडत होतं. आत खरंच खोली झाली होती, दोन माणसं उभी राहतील एवढी. भिंती काळ्या, जळालेल्या. म्हणजे तेराव्या दिवशी माझी गंजी पेटणार नव्हती, ती आधीच पेटलेली होती. पेटलेली आग कुणीतरी आतल्या आत धरून ठेवली होती. सुटली असती तर वखार, भिंत, भिंतीपलीकडचा पाळणा, सगळं गेलं असतं.

तळाशी एक निखारा होता. लिंबाएवढा. सगळ्या आगीतला तेवढाच उरलेला.

त्याच्याभोवती पाठी होत्या.

याहून जास्त मला सांगता येणार नाही. गवताच्या रंगाच्या होत्या, पण गवत नव्हतं. किती होत्या ते मोजलं नाही, मोजायचं सुचलंही नाही. गोल करून, वाकून, एकमेकींना लागून. थंडीच्या दिवसांत माझे मजूर सकाळी शेकोटीभोवती बसतात ना, अगदी तसं. आणि मजूर करतात तेच त्यांनीही केलं होतं: सगळ्यात लहान होते त्यांना पुढे, निखाऱ्याजवळ घेतलं होतं.

माझा श्वास आत गेला असेल. एक पाठ हलली. मला वाटलं, आता ही वळणार, आता मला तोंड दिसणार, आणि दिसलं तर मी परत खाली उतरेन तेव्हा भगवंत उरणार नाही.

ती वळली नाही. ती थोडी बाजूला सरकली. तिच्या शेजारची दुसऱ्या बाजूला सरकली. त्या गोलात, बरोबर माझ्या समोर, एका माणसापुरती जागा झाली.

मी किती वेळ त्या जागेकडे पाहत होतो, माहीत नाही. मोनाली म्हणते एक मिनिट.

७

खाली उतरल्यावर मी चहा मागवला. निम्मा बशीत सांडला.

"पथकाला कळवायचं का?" मोनालीने विचारलं.

"पेटीत पाणी होईल त्यांचं."

"मग सपनाचं काय?"

तोच तर हिशोब होता, आणि मला एकच धंदा येतो. मी चिंधूला म्हणालो, "विहिरीजवळ, भिंतीपासून लांब, नवी गंजी रचायची. आजच. आणि रचताना थराथरावर पाणी मारायचं."

चिंधू माझ्याकडे असा बघत राहिला, जणू गंजीत मीच पडलो होतो आणि डोक्याला मार बसला होता. "शेट, गवतावर पानी? वीस वर्षांत मजुराला तांब्या घेऊन गंजीजवळ येऊ दिला नाय तुमी!"

"सव्वीस वर्षं शिकलो गवत कसं पेटू द्यायचं नाही. म्हणजे कसं तापवायचं तेही शिकलोच की. तिकडे ऊब झाली की ते भिंत सोडतील."

तबेल्याला जायचं कोरडं, सोन्यासारखं गवत होतं ते. मी स्वतःच्या हाताने भिजवलं. दर हंड्याला एकनाथ कानाशी हसत होता.

दोन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी कोमट. सातव्याला गरम. आठव्या दिवशी प्रफुल्ल मोटरसायकलवर आला. गावात कुजबुज झाली होती. त्याने दोन्ही गंज्या पाहिल्या, गुळाचा वास घेतला, जुन्या गंजीला हात लावून गारठा पाहिला. खिशातून छापील कागद काढला.

"शेठ, मला कळवावं लागेल."

"कळव ना. पण आत किती लहान लेकरं आहेत, तेही लिही."

तो कागदाकडे पाहत राहिला. शेवटी कागद घडी करून ठेवला आणि मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाला, "उद्यापासून मी आठ दिवस रजेवर. भाचीचं लग्न आहे."

"तुला भाची कुठाय रे?"

"होईल की एखादी," प्रफुल्ल म्हणाला.

८

अकराव्या दिवशी दुपारी बारा वाजता ते निघाले.

नवी गंजी हाताला चटका देत होती. मी टँकर आणून फाटकाशी उभा केला होता, कारण विश्वास वेगळा आणि व्यवहार वेगळा. मी आणि चिंधू चिंचेखाली होतो. नवसी कपडे न्यायला आली होती, भिंतीच्या कडेशी तिच्या दारात सपनाला कडेवर घेऊन उभी.

जुन्या गंजीच्या पायथ्याशी धूळ काळी पडली. ओली झाली. मग तो ओलावा अंगणात निघाला, दोन हात रुंद पट्ट्यासारखा, हळूहळू. वर दुसरं काही नव्हतं; निदान उन्हात मला दिसलं नाही. तो आमच्या समोरून गेला तेव्हा भर दुपारी माझ्या तोंडातून वाफ निघाली.

मधोमध आल्यावर पट्टा थांबला. आणि वळला. नवसीकडे.

"नवसी, पळ!" मी ओरडलो. चिंधू धावला.

नवसी हलली नाही. पट्टा तिच्या दारापर्यंत आला, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबला. आत शिरला नाही. सपनाने अंग आकसलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं. नवसी त्या ओल्या मातीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती मला हळूहळू उतरताना दिसली, जसं दारातल्या माणसाला ओळखल्यावर उतरते.

"शेट, थांबा. हे इस्तव मागाया आलेत."

खोलीच्या पलीकडच्या अंगाला तिची चूल असते. सासऱ्यासाठी भाकरी टाकायची म्हणून ती पेटवलेली होती. एका हाताने पोरगी सावरत तिने कौलाच्या तुकड्यावर दोन निखारे घेतले, आली, आणि ते ओलाव्याच्या कडेला ठेवले. शेजारीण दारात आली की ठेवतात तसे. माझ्या वखारीत, भर गवतात, उघडे निखारे! माझं तोंड उघडलं आणि मी ते मिटलं.

निखारे क्षणात काळे पडले. पट्टा मागे सरला, वळला आणि विहिरीकडच्या गंजीपर्यंत गेला. तिथला गुळाचा वास हळूहळू बसला. टँकरवाला फाटकातून ओरडला, "शेठ, उतरवू का पाणी?" मी म्हणालो, "नको रे बाबा. चहा पी आणि जा."

"लांबचा पल्ला व्हता," नवसी म्हणाली. "त्यांच्या पोरांना वाटेत थंडी वाजली असंल."

संध्याकाळी ती आमच्या घरून पाळणा परत घेऊन आली. मी म्हणालो, "राहा अजून चार दिवस. घाई कसली?" तिने भिंतीला हात लावून पाहिला, मग गाल लावून. उन्हाने दिवसभर तापवलेली भिंत होती. तिने पाळणा तिथेच टांगला, सपनाला आत ठेवलं आणि दोरी हातात घेतली.

"शेट, ती गंजी थंड झाली की पुन्हा भिजवायला लागेल ना?"

"दर पंधरवड्याला. नवी रचायची, भिजवायची."

"पानी कोन मारनार?"

"मी आणि चिंधू. अजून कोण?"

नवसीने पाळण्याला झोका दिला. "तुमच्या दोघांच्या कमरा गेल्यात," ती म्हणाली. "दोन हंडे माझे."